स्वस्त घर स्वस्त का आहे, ते आधी शोध

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. वाळूजला नोकरी पक्की झाली, आता बायको, दोन मुलं आणि आईला घेऊन छत्रपती संभाजीनगरात यायचं, घर शहराच्या कडेला आणि 25 लाखांच्या आत बघायचं, असं तू कळवलंस. या पैशात घर मिळेल. पण एकाच रस्त्यावर एक घर दुसऱ्यापेक्षा चार-पाच लाखांनी कमी सांगितलं जातं, तेव्हा त्यामागे कारण असतंच. ते शोधून काढणं हे तुझं पहिलं काम. रस्ता कच्चा आहे, बाजार लांब आहे, वस्ती विरळ आहे, ही कारणं सोसता येतात, काही वर्षांत निवळतातही. पाणी नाही किंवा कागद नाही, ही दोन कारणं असतील तर त्या घराकडे पाठ फिरव, ते कितीही आवडलेलं असो.

आधी बाजू ठरव. इथल्या औद्योगिक वसाहतींपैकी वाळूज पश्चिमेला, शेंद्रा पूर्वेला आणि मध्ये अख्खं शहर. तुला बजाजनगर, वाळूज महानगर, तिसगाव, पडेगाव, मिटमिटा, फार तर पैठण रस्त्यावरची नक्षत्रवाडी-कांचनवाडी सोयीची. पिसादेवी किंवा चिकलठाण्याकडे घर छान मिळतंय म्हणून घेतलंस, तर रोज जालना रोड किंवा बीड बायपास ओलांडण्यात वेळ आणि पेट्रोल जाईल. शिफ्ट सुटण्याच्या वेळी एकदा स्वतः गाडी चालवून बघ, रविवारी सकाळी नको.

आल्या आल्या विकत घेऊ नकोस. ज्या भागात घ्यायचं त्याच भागात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून राहा, आणि तो करार नोंदणी करूनच कर. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिथे काढलास की दलाल जे सांगत नाही ते सगळं कळतं. मे महिन्यात टँकर कुठे थांबतो, ऑगस्टमध्ये कोणत्या गल्लीत गुडघाभर पाणी साचतं, हे भाड्याच्या घरात राहून फुकट शिकायला मिळतं.

आता पाण्याचं. शहराला जायकवाडीचं पाणी येतं, पण नळ रोज येत नाही. कडेच्या वस्त्यांत तर कित्येक ठिकाणी नळच नाही, सातारा-देवळाईसारख्या भागाची भिस्त वर्षानुवर्षं बोअर आणि टँकरवर राहिली. नवी योजना येणार आहे असं विकणारा सांगेल. त्याला एवढंच विचार की या गल्लीत जलवाहिनी टाकली आहे का आणि शेजाऱ्याच्या नळाला पाणी येतं का. मग हिशोब कर. माणशी रोज 135 लिटर धरलं तर तुम्हा पाच जणांना 675 लिटर लागतं. नळ सहा दिवसांनी येत असेल तर साधारण 4,050 लिटर साठवण हवी. आतून 6 फूट लांब, 6 फूट रुंद, 4 फूट खोल हौदात तेवढं मावतं. रो-हाउस बघायला गेलास की हौदाचं झाकण उघडून टेपने माप घे. विकणारे 'मोठा हौद आहे' म्हणतात आणि आत उतरून पाहिलं की तो निम्म्याचा निघतो. सगळं टँकरवरच असेल तर 5,000 लिटरचा टँकर तुम्हाला आठवडाभर जेमतेम पुरेल, म्हणजे महिन्याला चार. त्या भागातला उन्हाळ्यातला दर विचार आणि तो खर्च कर्जाच्या हप्त्यात मिळवूनच घराची किंमत ठरव.

बोअरवर फार विसंबू नकोस. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे दिवाळीत धो धो चालणारा बोअर एप्रिलात खडखडाट होतो, आणि शेजाऱ्याने त्याहून खोल घेतला की आणखी लवकर. बोअरचं पाणी किती फुटांवर लागलं हे विचार, ते मे महिन्यात किती वेळ चालतं हेही विचार, आणि हे मालकाला नाही तर समोरच्या किराणा दुकानदाराला आणि शेजारच्या बायकांना विचार. ड्रेनेज नसलेल्या वस्तीत सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यापासून बोअर निदान 50 फूट लांब असावा. 600 चौरस फुटांच्या प्लॉटवर हे अंतर स्वतःच्या हद्दीत बसत नाही, म्हणून शेजाऱ्यांचे खड्डे कुठे आहेत तेही बघ आणि पिण्याचं पाणी तपासून घे.

जमीन काळी असेल तर भिंती नीट न्याहाळ. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलतं. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही त्याची खूण. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक रेघा चालतात. जिच्यात नाणं उभं शिरतं आणि जी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसते ती भेग चालत नाही. नुकताच रंग मारलेला असेल तर कपाटामागे आणि जिन्याखाली टॉर्च मारून बघ, सगळी दारं उघडझाप करून बघ. पाया किती खोल घेतला आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) टाकला का, हे मिस्त्री लगेच सांगतो. काळ्या मातीत शोषखड्डाही नीट शोषत नाही, पावसाळ्यात तो उलटा भरतो.

कागदाचं जरा सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यातली गुंतागुंत पुण्या-नाशिकच्या माणसाला ठाऊक नसते. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश अशा इनाम जमिनी, कुळाच्या जमिनी, वक्फच्या जमिनी आज शहराच्या कडेला प्लॉट होऊन विकल्या जातात. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-2' (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलं आहे का, 'इतर हक्क' या रकान्यात कुळ, इनाम, नवीन शर्त, गायरान असा शब्द आहे का, हे आधी वाच. असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा आदेश हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. खिदमतमाश म्हणजे देवस्थान, मशीद, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन, तिथे तर विचारच करू नकोस. नुसता आजचा सातबारा पुरत नाही. सगळे फेरफार आणि 1954-55 चं खासरा पत्रक (त्या वेळची जमिनीची नोंद) तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून घे, जमिनीचं मूळ तिथे दिसतं. वकील स्वतःचा लाव, बिल्डरने सुचवलेला नको, आणि त्याच्याकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मागच्या व्यवहारांच्या नोंदी तपासल्याचा अहवाल) घे. वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींसकट सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, ते बघ.

पुढे अकृषिक (बिगरशेती वापराचा) आदेश, मंजूर ले-आउट (प्लॉट पाडल्याचा नकाशा), बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (घर राहण्याजोगं असल्याचा दाखला) बघ. ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवून 'घर नावावर आहे' म्हणतात, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. बाँडवर नोटरी करून घेतलेलं घर तर घेऊच नकोस. निव्वळ मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. गुंठेवारी वसाहतीत (शेतजमिनीचे विनापरवाना लहान तुकडे पाडून बसलेल्या वस्तीत) घर असेल तर 2001 च्या कायद्याखाली नियमित झाल्याचं प्रमाणपत्र माग, 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना ती सोय मिळाली आहे. प्रमाणपत्र असलं तर अशी घरं वाईट नसतात. 'फाइल टाकलेली आहे' हे उत्तर मात्र प्रमाणपत्र समजू नकोस. बजाजनगरात जमीन एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याची असते, सिडकोतही बव्हंशी तसंच. तिथे हस्तांतराची परवानगी आणि तिची फी कुणी भरायची, हे इसार देण्याआधी लिहून घे.

नव्या स्कीममध्ये घेणार असशील तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा ताबा देण्याचा दिनांक आणि तो किती वेळा पुढे गेला, हे बघ. भाव नेहमी कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर काढ. 900 फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट आतून सव्वासहाशे भरला तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागायला बिल्डरला कायद्याने मनाई आहे.

पैशाचा हिशोब असा. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक 90 टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे 25 लाखांच्या घराला साडेबावीस. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तर लाखाला 868 रुपये हप्ता पडतो, एकूण साडेएकोणीस हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास धर. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर वर जीएसटी, भोगवटा मिळालेल्या घराला तो नाही. हे बँक देत नाही. म्हणून अडीच लाख स्वतःचे, त्यावर दोन लाख कागदाचे, आणि वीज मीटर, जाळ्या, सामान हलवणं यासाठी वेगळे ठेव. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, तिच्या दृष्टीनेही ते चांगलं. प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंबाच्या नावावर आधीचं पक्कं घर चालत नाही, पण गावचा वाडा वडिलांच्या नावावर असला म्हणून अडत नाही, तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हाडाच्या सोडतीवरही लक्ष ठेव.

इसार चेकने दे. इसार पावतीत गट नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा, पूर्ण किंमत आणि 'मालकी निर्वेध न निघाल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास इसार परत' हे वाक्य असू दे. खरेदीखत झालं की फेरफार किंवा मालमत्ता पत्रकावर नाव, मालमत्ता कर, नळ आणि महावितरणचं मीटर, चारही पहिल्या महिन्यातच आपल्या नावावर करून घे. पसंत पडेल त्या घराचा गट नंबर आणि सातबारा मला पाठव, इसार द्यायच्या आधी.

तुझा,
काका