टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? मोटोक्रॉसची प्रश्नोत्तरे

प्रश्न : वय २२, पुण्यात मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक रेसिंगचा, सराव करतो. जुनी १२५ सीसी टू-स्ट्रोक आणि जुनी २५० सीसी फोर-स्ट्रोक, दोन्ही जवळपास एकाच किमतीत मिळतायत. कुठली घेऊ?

उत्तर : १२५. आकड्याने हुरळून जाऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला इंधन पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणूनच रेसिंगच्या नियमांत १२५ समोर २५० आली. फोर-स्ट्रोक खालच्या आरपीएमपासून ओढते, वळणावर गिअर चुकला तरी सांभाळून घेते. १२५ असले लाड करत नाही. पॉवर बँडच्या, म्हणजे इंजिन खरा जोर देतं त्या आरपीएमच्या, खाली उतरली की नुसती भुणभुणते; गिअर पाडून क्लच मारला की एकदम सुटते. सुरुवातीला चिडचिड होईल, पण हात तयार होईल.

प्रश्न : पण टू-स्ट्रोकचा पिस्टन सारखा बदलावा लागतो ना? मग ती परवडणार कशी?

उत्तर : बदलावा लागतो, पण घरी बदलता येतो. टाकी, हेड काढा, सिलिंडर वर उचला, पिस्टन समोर. क्रँककेसच्या तोंडात आधी फडकं कोंबा. सर्कलिप (पिस्टनची पिन धरून ठेवणारी छोटी तारेची कडी) उडून आत पडली की संध्याकाळ गेली म्हणून समजा. माझ्या अशा दोन गेल्यात.

फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन हा सगळा संसार वर असतो. व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (मधली बारीक फट) वेळेवर तपासला तर बिनतक्रार चालते. नाही तपासला तर व्हॉल्व्ह झिजतात आणि गाडी चालू व्हायला कुरकुरते. व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला, की हेडसकट नवं इंजिन बांधण्याचं बिल. म्हणून वापराच्या तासांची नोंद नसलेली जुनी फोर-स्ट्रोक बघताना आधी इंजिनाजवळ हात नेऊन पाहा, गार आहे ना. तुम्ही यायच्या आधीच विकणाऱ्याने तापवून ठेवली असेल, तर चहा घ्या, पूर्ण गार होऊ द्या, मग स्वतः किक मारा.

प्रश्न : टू-स्ट्रोक बंद पडत चालल्यात ना?

उत्तर : मागे पडल्या, संपल्या नाहीत. १९९७ मध्ये अमेरिकन रेसर डग हेन्रीने यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर लास व्हेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधली मोटोक्रॉस रेस) जिंकली, पुढच्याच वर्षी यामाहाची फोर-स्ट्रोक वायझेड४००एफ बाजारात आली आणि वारं फिरलं. होंडाने टू-स्ट्रोकची सीआर मालिका २००७ नंतर थांबवली. यामाहा आणि केटीएमने मात्र १२५ आणि २५० टू-स्ट्रोक सोडल्या नाहीत.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, सायकल उत्तम चालवते. ६५ सीसी टू-स्ट्रोक द्यावी का?

उत्तर : गाडी कधीच चालवली नसेल तर आधी ऑटो-क्लचची (क्लच दाबावा न लागणारी) ११० फोर-स्ट्रोक. ब्रेक आणि थ्रॉटल अंगवळणी पडू दे. रेस करायचीच असेल तर ६५ आहेच.

प्रश्न : टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल किती?

उत्तर : मॅन्युअल सांगेल तितकं. ४०:१ असेल तर ५ लिटरला १२५ मिली, ३२:१ असेल तर साधारण १५६. मापाच्या भांड्याने मोजा, अंदाजे ओतू नका. कमी पडलं तर पिस्टन चिकटतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. उरलेलं मिक्स कार्बोरेटरमध्ये ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका, जेट (इंधनाची बारीक भोकं) चोंदतात.

प्रश्न : मोटोक्रॉसची बाईक रस्त्यावर चालवता येते?

उत्तर : नाही. नोंदणीच होत नाही. ट्रॅकवर न्यायला टेम्पोचं भाडंही बजेटात धरा.