‘फिरत जा’ हा काही डोस नव्हे

प्रिय भाऊ,

आरोग्य उपकेंद्रावर रुजू झालास. आता रोज बीपी-शुगरचे पेशंट येतील आणि उठता उठता तू प्रत्येकाला म्हणशील, ‘जरा फिरत जा बरं का.’ ते मान हलवतील आणि कोणी फिरणार नाही. गोळी देताना कोणती, किती, जेवणाआधी की नंतर हे सांगतोस ना? चालणंही तसंच सांगावं लागतं.

आधी सीबॅक फॉर्म बघ, म्हणजे आशाताई घरोघरी भरते तो बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका मोजणारा तक्ता. आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का, या प्रश्नावर गावात बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: ‘दिनभर तं कामच करतस आम्ही!’ आशाताई शून्य गुण, म्हणजे धोका नाही, असं टाकून पुढच्या प्रश्नाकडे वळते. तू कालचा दिवस विचार, उठल्यापासून झोपेपर्यंत. मग कळतं की केळीला ठिबक आहे, मोटर मोबाईलवरून चालू होते, मळ्यात जायचं ते गाडीवर आणि दुपार जाते पारावर. ‘व्यवसाय: शेती’ एवढ्यावर जाऊ नकोस. उलट दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला सकाळी फिरायला जा म्हणालास तर ती हसेल, आणि तिचंच बरोबर असेल. तिला वेचणी संपल्यावर विचार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायकांत ५७ टक्के, पुरुषांत ४२. बायकांचा आकडा ऐकून चमकू नकोस. गॅसपुढे तासभर उभं राहून पाय भरून येतात, पण दम वाढत नाही.

दम वाढणं, हेच माप. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. घड्याळ लावून सांगायचं तर १५ सेकंदांत साधारण २५ पावलं. पेशंटला अंगणात एकदा चालवून बघ. बहुतेकांची चाल शतपावलीचीच निघते. शतपावली वाईट नाही, जेवणानंतरची शुगर तिनं थोडी उतरते, पण ती या १५० मिनिटांत धरू नकोस.

प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशी चाल, किंवा धावण्यासारखं जोरकस काही ७५ ते १५० मिनिटं. एका दमात निदान १० मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट २०२० साली निघाली, त्यामुळे तुकडे पाडले तरी चालतात. सुरुवात १० मिनिटांची, दर आठवड्याला ५ वाढव. पाचव्या आठवड्यात अर्धा तास होतो. पहिल्याच दिवशी पाऊण तास तंगडतोड केली की नडगी आणि गुडघे धरतात, चौथ्या दिवशी बूट कोपऱ्यात.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, हा सगळेच विसरतात. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, ८ ते १२ उठबशा, थोडं थांबून पुन्हा तेवढ्याच. बसताना तीन आकडे मोजत बसायचं, धपकन नाही. उठताना श्वास सोडायचा; श्वास कोंडला की बीपी चढतं. मग भिंतीला हात लावून दंड. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत, आठवड्यातून तीन दिवस.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. तेव्हा चालणं पहाटे साडेपाच ते सातच. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. पहाट जमली नाही तर ओसरीवर उठबशा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) चालू असेल तर उपाशीपोटी लांब चालायला पाठवू नकोस. खिशात तीन चमचे साखरेची पुडी हवी. घाम फुटला, हात थरथरले की शुगर फार उतरली समजून ती तोंडात टाकायची. शुगरवाल्यांना चपलेऐवजी बंद बूट-मोजे, आणि घरी आल्यावर पायाच्या बोटांच्या बेचक्यात जखम नाही ना ते बघायचं. बीपी १८०/११० किंवा वर असेल तर आधी औषध, चालणं नंतर. चालताना छातीत दडपण आलं तर तिथंच थांबून थेट दवाखाना.

हे सगळं तोंडी राहत नाही, म्हणून कार्डावर लिहून दे: ‘सोम ते शुक्र, पहाटे ६, मारुतीच्या पारापासून फाट्याकडे, १० मिनिटं.’ पुढच्या खेपेला ‘फिरता का?’ विचारू नकोस. ‘किती दिवस चुकले?’ विचार. मग खरं बोलतात.

कळावे.