बिल्ड टूलच्या १.० साठी कोणत्या फीचर रिक्वेस्ट आधी घ्याव्यात?

तुमच्या बिल्ड टूलची, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणाऱ्या साधनाची, १.० ही पहिली पक्की आवृत्ती तोंडावर आली आहे, मागण्यांचा ढीग साचलाय आणि टीममधले काही जण म्हणतायत की जास्त मतं असलेल्या आधी घ्या. मी तसं करणार नाही. मतांवरून आज कुणाला काय खुपतंय एवढंच कळतं.

मी प्रत्येक मागणीबाबत आधी हे बघतो: हीच गोष्ट १.१ मध्ये दिली तर कुणाची चालू बिल्ड मोडेल का? मोडणार नसेल तर ती थांबू शकते. रंगीत आउटपुट, प्रोग्रेस बार, आणखी एका भाषेचा सपोर्ट, हे सगळं कधीही जोडता येतं.

घाई आहे ती लोकांच्या फायलींत आणि सीआयच्या (कोड बदलला की आपोआप बिल्ड चालवणाऱ्या यंत्रणेच्या) स्क्रिप्टमध्ये जाऊन बसणाऱ्या गोष्टींची. कॉन्फिग फाइलची रचना, रिलेटिव्ह पाथ त्या फाइलपासून धरायचा की प्रोजेक्टच्या रूटपासून, एक्झिट कोड (काम झालं की फसलं हे सांगणारा आकडा), आउटपुट डिरेक्टरीची मांडणी. अशा मागण्यांना मतं कमीच पडतात. 'मेक' या जुन्या बिल्ड टूलचंच बघा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा हा नियम त्रासाचा आहे हे लवकरच लक्षात आलं, पण तोवर डझनभर लोक ते वापरत होते आणि त्यांच्या फायली मोडायला नकोत म्हणून नियम तसाच राहिला. डझनभर! तुमचे वापरणारे नक्कीच त्याहून जास्त असतील.

सगळ्यात जास्त वेळ डीफॉल्टवर घालवा. समजा पॅरलल बिल्डची (अनेक फायली एकाच वेळी तयार करण्याची) मागणी आहे आणि ती १.० मध्ये बसत नाही. हरकत नाही, पण जाहीर न केलेली डिपेंडन्सी (एका फाइलला दुसरी आधी तयार लागते हे न सांगणं) चालवून घ्यायची की एरर द्यायची, हे आत्ताच ठरवा. एकामागून एक बिल्ड होत असताना राहून गेलेली डिपेंडन्सी लपून राहते, कारण ती फाइल योगायोगाने आधीच तयार झालेली असते. पुढे पॅरलल डीफॉल्ट केलंत की त्याच बिल्ड कधी चालतील, कधी पडतील, आणि दोष तुमच्या टूलला लागेल. कॅशचंही, म्हणजे आधीचं आउटपुट पुन्हा वापरण्याचंही, तसंच: ते आउटपुट अजून चालेल का हे जिच्यावरून ठरतं त्या कॅश कीमध्ये कोणते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमच्या सेटिंग्ज) धरायचे? माझं मत, फक्त जाहीर केलेले धरा आणि बाकीचे बिल्डला दिसूच देऊ नका. कडक नियम नंतर सैल करता येतो. सैल नियम कडक करायला गेलात तर लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

प्लगइन एपीआयला (इतरांना तुमच्या टूलला जोड लिहिता येण्याच्या सोयीला) बहुधा भरपूर मतं असतील. ती पक्की नसेल तर रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा मार्ग घ्या. मे २०१५ मध्ये रस्ट १.० आली तेव्हा अर्धवट फीचर्स नाइटलीपुरतीच (रोज निघणाऱ्या चाचणी आवृत्तीपुरतीच) ठेवली होती. स्टेबल कंपायलर ती चालवतच नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये नुसतं 'प्रायोगिक' लिहून भागत नाही, ते कुणी वाचत नाही. वेगळा फ्लॅग दिल्याशिवाय एपीआय चालूच होऊ नये.

जुना सिंटॅक्स काढून टाका अशा मागण्या मात्र लगेच उरका. सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्ती क्रमांकांच्या नियमांप्रमाणे ०.x मध्ये काहीही बदलता येतं; १.० नंतर त्याच कामाला २.० लागेल.

या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट येते: सोर्स बदलूनही जुनंच आउटपुट मिळतंय अशी तक्रार. ती उघडी असेपर्यंत १.० काढू नका, मग तिला एकच मत का असेना.