पंख्याचा कंडेन्सर घरी, गिझरची लाइन तारतंत्र्याकडे

प्रश्न : छताचा पंखा रेग्युलेटर पाचवर ठेवला तरी संथ फिरतो. वाइंडिंग गेले, पंखा दुकानात न्यावा लागेल, असे मेकॅनिक म्हणतो. त्याआधी घरी काही करून पाहता येईल का? (इचलकरंजी)

उत्तर : आधी कंडेन्सर (कपॅसिटर, पंख्याला जोर देणारा छोटा डबा) बदलून पाहा. पाचवर बहुतेक रेग्युलेटर वीज थेट पंख्याला देतात, त्यामुळे दोष रेग्युलेटरचा नसावा. वाइंडिंग जळलेला पंखा सहसा तापतो, गुणगुणतो, जळका वास येतो. नुसता संथ होत नाही. वीज बंद करून पाते हाताने फिरवा. अडखळले तर बेअरिंग गेले आहे. सहज फिरले, पण वीज दिल्यावर पंखा रेंगाळत असेल, तर संशय कंडेन्सरवरच.

मेन स्विच पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा; मेन पाडूनही इन्व्हर्टरची लाइन जिवंत राहते, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पंख्याच्या दोन्ही तारांना टेस्टर लावून खात्री करा. दांड्यावरची वाटी सरकवली की कंडेन्सर दिसेल. त्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असे छापलेले असते. आकडा तोच घ्या. ‘मोठा टाकला की जोरात फिरेल’ हा दुकानदारांचा आवडता सल्ला आहे, पण त्याने वाइंडिंग तापते. दोन तारांना उलटसुलट काही नसते, कशाही जोडा. जुन्याची टोके बोट न लावता एकमेकांना टेकवून मगच तो हाताळा. फरक पडला नाही, तर मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : गिझरचे सॉकेट वर्षात दोनदा जळून काळे पडले. दोन्ही वेळा इलेक्ट्रिशियनने नवे बसवले. एमसीबी एकदाही पडला नाही. आता तो मोठा एमसीबी टाकू म्हणतो. (नांदेड)

उत्तर : मोठा एमसीबी अजिबात टाकू देऊ नका. एमसीबी म्हणजे जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच; तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तार तीच ठेवून तो वाढवला, तर तो पडायच्या आधी भिंतीतली तार तापेल.

तुमच्याकडे दोष ढिल्या जोडाचा आहे. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. पिन आणि सॉकेटच्या पत्तीत पकड सुटून अर्धा ओहम रोध जरी आला, तरी त्या एका बिंदूवर ३८ वॉट उष्णता तयार होते. डाग द्यायची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. आणि प्रवाह वाढलेला नसल्याने एमसीबीला यातले काही कळत नाही.

दुसरे सॉकेट जळाले, कारण बहुधा प्लग जुनाच राहिला. काळवंडलेली पिन नव्या सॉकेटची पत्तीही खराब करते, म्हणून दोन्ही एकदम बदला. तारेचे काळे, कडक झालेले टोक लालसर चकचकीत तांबे दिसेपर्यंत छाटा. तार आखूड पडली म्हणून डबीत पीळ मारून टेपने गुंडाळलेला जोड चालणार नाही. सॉकेट मोठ्या भोकांचे, १६ अँपिअरचेच हवे. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार ओढून पाहा.

एवढे तुम्हीही करू शकता. तार मात्र दीड चौरस मिलिमीटरची निघाली, किंवा शेजारच्या बोर्डातून ओढलेली असली, तर डीबीपासून (घरातले एमसीबी जिथे असतात त्या पेटीपासून) ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन आणि तिला वेगळा एमसीबी लागेल. हे परवानाधारकाचेच काम. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे, घरगुती उपकरणे जशीच्या तशी बदलण्याला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत सूट आहे. नवी लाइन त्यात बसत नाही. येणाऱ्याकडे तारतंत्र्याचा (वायरमनचा) परवाना आहे का, हे बेलाशक विचारा, आणि पैसे देण्याआधी गिझर अर्धा तास चालवून प्लगला हात लावून पाहा. किंचित कोमट चालेल. चटका बसता कामा नये.

प्रश्न : पावसाळा लागला की आरसीसीबी सारखा पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, काढून टाकतो, एमसीबी आहेतच की. (रत्नागिरी)

उत्तर : त्याला नको म्हणा. एमसीबी शॉक थांबवत नाही. ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबीच, आणि तो पडतोय म्हणजे घरात कुठेतरी गळती आहे.

ती शोधायचे पहिले काम घरीच होते. सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी वर करा. ज्याला तो पडेल, त्या लाइनीत गळती. सगळे खाली असतानाही पडला, तर गोंधळू नका : साधा एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल (परतीची तार) तशीच जोडलेली राहते, आणि न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकली असेल. मग प्रत्येक प्लग उपटा. नुसते बटण बंद करून भागणार नाही, कारण तेही फेजच तोडते. एकेक प्लग परत लावा. गॅलरीतला दिवा, अंगणातला पंप, वॉशिंग मशीन आणि गिझरचे कॉइल हे नेहमीचे संशयित. गिझर चालू केल्यावर काही मिनिटांनी पडत असेल, तर कॉइलला चीर गेली असणार.

सगळे प्लग काढूनही पडत राहिला, तर पाणी तारांच्या नळीत किंवा डबीत आहे. तेव्हा मेगर (इन्सुलेशन मोजायचे यंत्र) असलेला माणूस बोलवा. ५०० व्होल्टवर तारांचे इन्सुलेशन किमान १ मेगओहम दाखवायला हवे. मेगर नसलेला कारागीर अंदाजाने भिंती फोडत बसेल. त्रास इन्व्हर्टर बसवल्यापासून असेल, तर दोन लाइनींच्या न्यूट्रल एकत्र झाल्या आहेत का, हे त्याला आधी तपासायला सांगा.

प्रश्न : चाळीतल्या जुन्या खोलीत अर्थिंग नाही. फ्रिजला झिणझिण्या येतात. सॉकेटमध्येच न्यूट्रल अर्थच्या पिनेला जोडली तर? (गिरगाव)

उत्तर : झिणझिण्या थांबतील, आणि न्यूट्रल कुठेही तुटली की फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील. कोणी जोडून ठेवली असेल तर मेन पाडून ती आजच सोडवा. मीटरखोलीत अर्थची पट्टी असते. तिथून हिरवी तार खोलीपर्यंत आणायला परवानाधारकाला सांगा आणि सोबत आरसीसीबी बसवून घ्या. मीटरच्या सीलला मात्र त्यानेही हात लावायचा नाही, ते वीज कंपनीचे काम.