हेपॅटोकाइन्सवर, म्हणजे यकृत रक्तात सोडतं त्या प्रथिनांवर, काम सुरू करतोयस? मग हे बघ

सुरुवात एफजीएफ२१ या हेपॅटोकाइनपासून करतोयस, हरकत नाही. फक्त रक्तात ते जास्त सापडलं म्हणजे चांगलं, असं धरून चालू नकोस. लठ्ठ माणसांत ते बहुधा आधीच वाढलेलं असतं.

उंदरांवरचे पेपर जपून वाच. उंदीर दिवसभर उपाशी राहिला की एफजीएफ२१ चढतं; माणसात ठळक वाढ व्हायला ७ ते १० दिवसांचा उपास लागतो. (एकादशीने भागत नाही!) लठ्ठ उंदरांना एफजीएफ२१ दिलं की त्यांचं वजनही झरझर उतरतं. माणसांत त्या धर्तीच्या औषधांनी ट्रायग्लिसराइड्स आणि यकृतातली चरबी घटते, वजनाचा काटा मात्र फारसा हलत नाही.

दाह समजून घ्यायचाय तर फेट्युइन-ए हे दुसरं हेपॅटोकाइन धर. संपृक्त मेदाम्लं त्याच्या मध्यस्थीने टीएलआर४ ला (दाह सुरू करणाऱ्या, पेशीवरच्या रिसेप्टरला) चेतवतात, दाह वाढतो आणि पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. हे २०१२ मध्ये शांतिनिकेतनच्या विश्वभारतीतल्या गटाने दाखवलं. तो पेपर आकृत्यांसकट वाच, नुसता सारांश नको.

आणि रक्ताचे नमुने घेताना माणूस किती तास उपाशी आहे, दारू कधी प्यायलाय, हे विचारच. दारूने एफजीएफ२१ काही तासांतच कित्येक पट वाढतं. फॉर्मवर तो रकाना नसेल तर पेनाने आख.