सीआरपी वाढलाय म्हणून घाबरलायस? आधी हे वाच

तू रिपोर्ट टाकून विचारलंस की सीआरपी (शरीरात आतून सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढलाय, तर सूज कमी करायला काय खाऊ. अरे सर्दी-ताप, दाढदुखी असली तरी सीआरपी वर जातो, त्यामुळे पूर्ण बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी टेस्ट रिपीट कर आणि डॉक्टरांना दाखव, एका रिपोर्टवरून डाएट ठरवू नकोस. तुझा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ म्हणजे प्रीडायबेटिस, म्हणजे अजून वेळ आहे हातात.

सुरुवातीला एवढंच कर:

- कंबर मोज. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० च्या वर गेली की सावध. पोटातली चरबी नुसती पडून नसते, ती सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते, खरी गोम तिथेच आहे.
- दिवसातून किती वेळा तोंड चालतं ते आठवडाभर लिहून ठेव. चार चहा, सोबत खारी-बिस्किट, संध्याकाळी फरसाण, हे आपण जेवणात धरतच नाही ना!
- रोज एक वाटी उसळ. मटकी, चवळी, काहीही. त्यातला फायबर आतड्यातले जंतू खातात आणि त्यातून जे तयार होतं ते सूज कमी करायला मदत करतं.
- रात्रीचं जेवण आठच्या आत, जमेल तसं.

नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे हळदीच्या कॅप्सूल मागवतात आणि उपवासाला साबुदाणा खिचडी हाणतात, अरे तो निव्वळ स्टार्च आहे! (मीही दोन वर्षं हेच केलंय.) आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांचं दिवसातून दोनच वेळा जेवायचं डाएट लगेच सुरू करू नकोस, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचार, शुगर एकदम खाली जाऊ शकते. ओमेगा-३ वगैरे नंतर बघू, तीन महिन्यांनी एचबीए१सी परत कर आणि आकडा इथेच टाक.