दोऱ्याचा फोन वळणावर मुका का होतो?

प्रश्न : मी सातवीला विज्ञान शिकवते. मुलांनी चहाचे कागदी कप आणि शिवणाचा दोरा घेऊन फोन तयार केले. वर्गात ते छान बोलले, पण एक जण व्हरांड्याच्या कोपऱ्यापलीकडे गेला की काहीच ऐकू येईना. शिवाय हा उपक्रम खेळ म्हणूनच संपतो. त्यातून अभियांत्रिकी कशी शिकवावी?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आवाजाने कपाचा तळ थरथरतो, तो ताणलेल्या दोऱ्याला मागेपुढे ओढतो आणि ही थरथर दोऱ्यावाटे पलीकडच्या कपाच्या तळाला पोहोचून तिथली हवा हलवते. दोरा मध्येच भिंतीच्या कडेला टेकला, की कंपन तिथेच जिरते. एका मुलाला सतत ‘आऽऽ’ म्हणायला लावून दुसऱ्याने कप कानाला लावावा आणि तिसऱ्याने मधला दोरा चिमटीत धरावा. चिमटीला बारीकशी गुदगुली जाणवते आणि त्याच क्षणी कानातला आवाज बुडतो.

कोपऱ्यासाठी उपाय सोपा आहे. समोरच्या खांबाला वीत-दीड वीत लांबीचा दोऱ्याचा फास बांधून मुख्य दोरा त्यातून वळवावा, म्हणजे तो भिंतीला न लागता ताणलेला राहील. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, ताणलेल्या तारेतून आवाज दूरवर नेता येतो आणि तार अनेक ठिकाणी वाकवलेली असली तरी जातो, असे लिहून ठेवले आहे, म्हणजे तुमच्या मुलांची अडचण चांगली जुनी आहे.

हाच कोपरा मुलांना आव्हान म्हणून द्यावा : १० मीटर अंतर, एक काटकोनी वळण आणि २० पैकी किमान १६ शब्द बरोबर. ‘ऐकू आलं’ हे उत्तर मान्य करू नये, ऐकणाऱ्याने शब्द लिहूनच दाखवावेत. शब्द मात्र अंदाजाने ओळखता येणार नाहीत असे निवडावेत, उदाहरणार्थ कान, पान, मान, रान किंवा साल आणि शाल. चुकलेले शब्द तपासले, तर ‘स’ आणि ‘श’ यांची सरमिसळ सहसा जास्त आढळते, कारण या अक्षरांची ओळख पटवणारी उच्च वारंवारतेची कंपने वाटेत अधिक क्षीण होतात.

त्यानंतर प्रत्येक गटाने एका वेळी एकच गोष्ट बदलावी : शिवणाच्या दोऱ्याऐवजी तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) किंवा मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची बारीक तांब्याची तार, अथवा कपाऐवजी पत्र्याचा डबा. (तार मुलांच्या गळ्याच्या उंचीवर येणार नाही, एवढे कृपया पाहावे.) दोरा तळात ओवल्यावर आतून आगकाडीच्या तुकड्याला गाठ मारली, तर ओढ बसूनही तो निसटत नाही.

आणखी एक चाचणी बहुतेक जण विसरतात. दोरा सैल सोडून नव्या २० शब्दांची तशीच यादी पुन्हा वाचावी. तरीही दहा-बारा शब्द बरोबर आले, तर ते हवेतून पोहोचले आहेत, आणि मग कप घेऊन मुलांना मैदानाच्या दोन टोकांना पाठवण्याची वेळ आली आहे.